पाठमोरी

रविवारी सकाळी ती टेबलाशी मटार सोलत बसली होती. पाठ ओट्याकडे होती. मागे तिच्याबरोबर खोलीत राहणाऱ्या दोघींची काहीतरी आवराआवर चालली होती, आणि त्या आवराआवरीतून तिला ऐकू आलं, "अगं, तिच्याकडे तोंड करून बोल ना. पाठमोरी बसलीय ती." एवढंच. बाई सुतळीला म्हणाली, आणि दुधावर झाकण ठेव म्हणावं तितक्या सहज म्हणाली. लगेच सुतळी टेबलाला वळसा घालून समोर आली, खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात टेकून थोडी वाकली, आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "चहा टाकतेय. तू घेणार ना?" तिनं मान हलवली. सुतळी परत ओट्याकडे गेली. अंगठ्याखालची शेंग अर्धी उघडून तशीच राहिली होती. आतले दाणे ओळीनं बसलेले दिसत होते, आणि तिला वाटलं, हे दाणे आता आपल्याला काढता येणार नाहीत. आपण इथं अशाच बसून राहणार, कारण हललो तर या दोघींना कळेल की आपण ऐकलं.

ऐकलं होतं ते यंत्रानं. कालपासून ते तिच्या दोन्ही कानांमागे होतं, केसांखाली, घेवड्याच्या बीएवढं. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आठवडाभर वापरून बघा, नाही सोसलं तर परत आणून द्या. तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर ती बराच वेळ फुटपाथच्या कडेला उभीच राहिली. मग चालायला लागली, तर कुणीतरी मागून येत होतं. तिनं दोनदा वळून बघितलं, मागे कुणी नव्हतं. ती तिची स्वतःचीच बाही होती, अंगाला घासणारी. आपल्या पावलांना आवाज असणार हे तिला माहीत होतं, पण तो आपल्याबरोबर चालत येतो हे माहीत नव्हतं. एका माणसाच्या खिशात किल्ल्या होत्या. एक सायकल हातात धरून नेणारी मुलगी गेली, आणि सायकल बारीक, एकसारखी टिकटिकत गेली, जणू मुलीला काहीतरी समजावून सांगत. सगळ्या आवाजांना पत्र्याची कड होती, काही टोचत होते, रिक्षा वळताना तर तिनं डोळेच मिटले. आणि तरीही घरी पोचेपर्यंत तिला मंदिरात शिरताना होतं तसं होत राहिलं, चपला काढून हातात घ्याव्यात असं.

ती दात करायची. कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये तिचं काम मेणाचं होतं: प्लास्टरच्या जबड्यावर मेण चढवायचं, त्यात एकेक दात बसवायचा, हिरडीची गोलाई कोरायची. म्हणून या दोघी तिला कवळी म्हणायच्या. मागच्या महिन्यात एक आजोबा आपली कवळी टोचते म्हणून थेट लॅबमध्येच आले होते. सगळ्यांदेखत त्यांनी ती तोंडातून काढली, तिच्या हातात दिली आणि ती कड घासत असताना बोळक्या तोंडानं खुशाल हवापाण्याच्या गप्पा मारत बसले. त्यांच्या ओठांवरून तिला एक अक्षर कळलं नाही, दातांशिवायचे ओठ वाचता येत नाहीत. मग त्यांनी कवळी बसवली, आरशात न बघताच हसले, आणि निघून गेले. ती हातातलं मेण थंड होईपर्यंत दाराकडे बघत राहिली. दात गेले तर माणूस दात बसवतो आणि हसत रस्त्याला लागतो. मग कानाचंच काय एवढं?

कानाचं एवढं असायला कारण आई होती. लहानपणी एका तापात कान फुटले, आणि त्यानंतर ऐकणं हळूहळू उतरत गेलं, इतकं हळू की घरातल्या कुणालाच ते नक्की केव्हा गेलं ते सांगता आलं नसतं. पाहुणे हाक मारायचे आणि ती वळायची नाही. तेव्हा आई म्हणायची, "ती जरा आपल्याच नादात असते." आईच्या ओठांवर हे वाक्य तिनं इतक्यांदा वाचलं की कितीतरी वर्षं तिला नाद म्हणजे शांतताच वाटायची, कारण तिच्याभोवती तेवढीच असायची. शहरात नोकरीला निघाली तेव्हा बॅग भरताना आई समोर येऊन बसली आणि सावकाश म्हणाली, "तिकडे कुणाला सांगू नकोस. एकदा कळलं की माणसं तेवढंच बघतात." तिनं ते पाळलं. ती तोंडं वाचायची. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात, बाकीचं अंदाजानं भरायचं, आणि अंदाज चुकला की आपणच आधी हसायचं. त्यामुळे लॅबमध्ये आणि खोलीवर ती विनोदी म्हणून ओळखली जायची. चुकीचं उत्तर इतक्या गंभीर चेहऱ्यानं देणारी दुसरी कुणी नाही, असं बाई म्हणायची.

बाई म्हणजे बालवाडीत शिकवणारी, बुटकी, गोल चेहऱ्याची. तिचा आवाजही तसाच असणार, लोण्यासारखा, असं तिनं धरून टाकलं होतं. काल संध्याकाळी दार उघडून बाई बोलली आणि तो आवाज निघाला बारीक, शिट्टीसारखा, एखाद्या शाळकरी पोरीचा. आणि सुतळी, जी दारातून आत येताना मान वाकवायची, जिच्या अंगावर कुठलाही कपडा दांडीवर वाळत घातल्यासारखा दिसायचा, तिच्या त्या काडीसारख्या देहातून असा खोल, रुंद आवाज आला की ती पाण्याचा पेला हातात घेऊन तशीच उभी राहिली. सुतळी बसस्थानकावर घोषणा करायची. तो आवाज अख्ख्या शहराच्या कानावरून रोज जात होता. ती स्वतः त्या स्थानकावर कितीदा तरी उभी राहिली होती, आणि तिला छातीत नुसती घरघर जाणवायची, जवळून मोठी गाडी गेल्यासारखी. काल सगळी संध्याकाळ ती या दोन आवाजांकडे नवीन बिऱ्हाड आलेल्या घराकडे बघावं तशी बघत राहिली. कोण कुठून येतंय, कोण कुणाचं, हे जुळवत. आज सकाळी तिला वाटलं, तोंडाकडे न बघता ऐकून बघावं. म्हणून ती मुद्दाम पाठ करून बसली होती.

आणि आता ते वाक्य आत शिरलं होतं, आणि एकेक गोष्ट आपोआप दुसरीकडे तोंड करायला लागली होती. हे टेबल. ती राहायला आली तेव्हा टेबल भिंतीला लावलेलं होतं आणि तिघी ओळीनं भिंतीकडे बघत जेवायच्या. पहिल्याच आठवड्यात बाईनं ते ओढून खोलीच्या मधोमध आणलं. म्हणाली, भिंतीकडे बघून मला घास उतरत नाही, शिक्षा केल्यासारखं वाटतं. तेव्हापासून खोलीत चालायला जागा उरली नव्हती आणि बाईच्याच गुडघ्याला टेबलाचा कोपरा रोज लागायचा. सुतळीचं चालणं. लाकडी जमिनीवर ती अशी टाच आपटत यायची की खालच्या मजल्यावरचे काका दोनदा तक्रार घेऊन वर आले. एरवी कुणाशी वाकड्यात न शिरणारी सुतळी त्यांच्याशी भांडली, माझी चालच तशी आहे म्हणाली. ती टाच पायांच्या तळव्यांना कळायची, आणि म्हणून सुतळी मागून आली तर तिला कधी दचकावं लागलं नव्हतं. नाटकाला गेलं की पहिल्या रांगेतल्या खुर्च्या, माना अवघडेपर्यंत, कारण सुतळीची नजर कमी आहे. पण हीच सुतळी चौकाच्या पलीकडून बसचा फलक वाचायची. हे आपल्या ध्यानात कसं आलं नाही? बाई प्रत्येक गंमत दोनदा सांगायची, दुसऱ्यांदा तिच्याकडे वळून, आणि सुतळी कपाळाला हात लावून म्हणायची, पोरांना शिकवून शिकवून हिला सवय लागलीय.

आणि दिवे जायचे तेव्हाचं. ते आठवलं आणि तिनं शेंग खाली ठेवली. संध्याकाळी दिवे गेले की या दोघी टॉर्च पेटवायच्या आणि हनुवटीखाली धरून भुतं व्हायच्या. हनुवटी पांढरीफटक, डोळ्यांच्या जागी खड्डे, आणि मधे उजळलेलं तोंड हलतंय. दिवे येईपर्यंत त्या तशाच बोलत बसायच्या, भाजी काय करायची हेसुद्धा भुताच्या तोंडानं. पहिल्यांदा ती हसली होती. मग तिलाही ते अंगवळणी पडलं, आणि अंधारात आपण एकट्या पडत नाही ही गोष्ट तिनं नशीब समजून घेतली. दिवे गेले की दुसऱ्या लोकांच्या घरात काय होतं, याचा तिनं कधी विचार केला नव्हता. दुसरे लोक मेणबत्ती टेबलावर ठेवत असतील. स्वतःच्या तोंडावर उजेड पाडून कोण बसतं?

तिला आधी राग आला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या, यंत्रापर्यंत. आपण एवढ्या सफाईनं लपवलं होतं, एकेक हसू, एकेक अंदाज मापून टाकला होता, आणि या दोघी सगळा वेळ समोर बसून बघत होत्या. मेणात दात बसवताना जरा तिरपा बसला तर दुसऱ्याला दिसत नाही, तिला दिसतो. यांनाही तिचा प्रत्येक तिरपा दात दिसत असणार. मग राग उतरत गेला आणि त्याच्या खालून जे वर यायला लागलं त्याला तिच्याजवळ नाव नव्हतं. भीतीच होती ती, पण चांगल्या जातीची. उंच कड्यावरून खाली दरी बघावी आणि कळावं की इतका वेळ आपण हिच्या काठाकाठानंच चालत होतो, आणि कुणीतरी, न बोलता, कायम दरीच्या बाजूनं चालत होतं. तिनं ओट्याकडे मान वळवली. बाई पातेलं पुसत होती, सुतळी चहात आलं किसून टाकत होती, आणि कुणाच्याच चेहऱ्यावर काही विशेष केल्याची खूण नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला आणि ती जागची उडाली. रविवारी या वेळेला आईचा फोन यायचा. तिनं सवयीनं डाव्या कानाला लावला आणि आई सवयीनं ओरडली, "जेवलीस का?" तो आवाज सुईसारखा आरपार गेला. तिनं फोन दूर धरला, परत जवळ आणला.

"आई, हळू बोल जरा."

मागे आलं किसण्याचा आवाज थांबला.

"काय म्हणालीस?" आई अजून ओरडतच होती.

"हळू बोल. मला ऐकू येतंय."

 पलीकडून एक आवाज आला, बारीक, तुटक, दाराची कडी नीट बसली नसली की वाऱ्यानं वाजत राहते तसा. तो तिच्या ओळखीचा नव्हता. तिनं विचारलं, "कसला आवाज येतोय गं?"

"काही नाही. नाक चोंदलंय माझं," आई म्हणाली. आणि हे ती हळू म्हणाली. आईचा हळू आवाज. तो जरा घोगरा होता, आणि वाटलं होतं त्याहून कितीतरी तरुण. जिनं तिला एवढी वर्षं ओरडून वाढवलं, ती आई खरं म्हणजे मऊ बोलणारी होती. "डॉक्टरांकडे गेली होतीस?"

"काल."

"दिसतं का ते?"

"केस मोकळे सोडले तर नाही दिसत. बांधले की दिसतं."

आई गप्प झाली. आता ही शांतता कुठली, हे तिला ओळखता येईना. जुनी, आईनं सांभाळायला दिलेली, की दुसरी. मग आई म्हणाली, "बांधत जा की मग. उकडत असेल तुला."

फोन ठेवल्यावर ती थोडा वेळ टेबलावरच्या टरफलांकडे बघत बसली. मनगटावर रबर होतं. लॅबमध्ये टोपीखाली केस बांधायचे आणि टोपी काढली की सोडायचे, म्हणून ते कायम मनगटावरच असायचं. तिनं दोन्ही हातांनी केस वर गोळा केले, वेटोळं केलं, बांधले. मानेला वारा लागला. ती खुर्चीवर तशीच बसून राहिली, पाठ त्या दोघींकडे करून, कान त्यांच्यासमोर उघडे टाकून, आणि आपलं हृदय वाजतंय ते तिला ऐकू आलं की नुसतं जाणवलं, हे तिला सांगता आलं नसतं.

"कवळे," बाई म्हणाली. बारीक आवाजात, जागेवरूनच, तोंड दाखवायला न येता.

"काय?" ती न वळता म्हणाली.

मागे दोघींना गॅसवरच्या चहाचं भान राहिलं नाही. चहा उतू गेला. तो उतू जाताना होणारा फसफसाट तिनं ऐकला आणि "गॅस बंद कर," असंही तीच म्हणाली.

चहा निम्माच उरला होता, तो तिघींनी वाटून घेतला. तिनं विचारलं, "कधीपासून माहितीय तुम्हाला?"

"दुसऱ्या दिवसापासून," सुतळी म्हणाली. "मी कुठं काम करते ते सांगितलं की प्रत्येक माणूस म्हणतो, अरे, तो आवाज तुमचा होय. नाहीतर एखादी घोषणा करून दाखवा म्हणतो. तू म्हणालीस, छान. आणि मीठ पुढं केलंस."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलली नाहीस म्हणून," बाई म्हणाली. जणू यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतंच. मग जरा थांबून तिनं विचारलं, "आम्ही चुकलो का गं? मला कधीकधी वाटायचं, सरळ विचारावं. पण म्हटलं, हिला लपवण्यात बळ वाटत असेल तर ते आपण कशाला काढून घ्या?"

 ती म्हणाली, "खूप मोठ्यानं बोलते ना मी?"

"खूप," दोघी एकदम म्हणाल्या.

त्यानंतर दुपारचं जेवण लांबलं, कारण बाईला सुचलं ते थांबायचं नाव घेईना. ती आधी काड्यापेटी घेऊन आली आणि कानाशी हलवली. मग पर्सची चेन. मग कंगव्याच्या दातांवरून फिरवलेलं नख. सुतळीनं जुनं वर्तमानपत्र एका दमात उभं फाडलं आणि ती शहारली, परत फाड म्हणाली. बरणीत साखर ओतली तेव्हा तिला वाटलं, हे कुठंतरी लांब पडत असलेलं काहीतरी आहे, इथलं नाही. बाईनं संत्रं सोललं. संत्रं सोलायलाही आवाज असतो, साल सुटताना एक ओलसर, कुजबुजता आवाज, आणि तो आवाज आधी येतो, वास मागून. तिनं उशी थोपटून बघितली, पडदा ओढून बघितला, स्वतःच्या तळव्यावर तळवा घासून बघितला. तिला वाटलं होतं, वस्तू गप्प असतात आणि माणसं बोलतात. तसं नव्हतं. या खोलीतलं काहीच कधी गप्प नव्हतं. ती झोपायची तेव्हाही, मेणात डोळे घालून बसायची तेव्हाही, हे सगळं चालूच होतं, तिच्यासाठी न थांबता, आणि तिच्याबद्दल कसलीही तक्रार न ठेवता. एका क्षणी तिला ते इतकं झालं की ती जमिनीवर बसली आणि म्हणाली, आता थोडं थांबा. दोघी ताबडतोब तिच्याजवळ जमिनीवर बसल्या, हातात कंगवा आणि अर्धं संत्रं घेऊन, श्वाससुद्धा जपून घेत. खिडकीतून उन्हाची तिरीप टेबलापर्यंत आली होती. कुणीही काही वाजवत नव्हतं, आणि तिला दोघींचे श्वास वेगवेगळे ऐकू येत होते.

मग बाई गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला उठली. दारात चप्पल शोधत होती, तेव्हा सुतळी जमिनीवर बसलेल्या तिच्याजवळ सरकून आली आणि हाताचा आडोसा करून तिच्या कानाशी वाकली. यंत्र कर्कश शिट्टीसारखं वाजलं. दोघी दचकून मागं झाल्या. सुतळीनं हात काढला, वीतभर अंतर ठेवलं, आणि परत वाकली. शाळेत मुली अशा तिच्या कानाशी यायच्या. कुजबुज म्हणजे तिला ठाऊक होती ती एक ऊब, कानावर येणारी थोडी दमट, थोडी गुदगुल्या करणारी ऊब, जिच्या शेवटी डोळे मोठे करायचे असतात. ती करायची. त्या उबेत शब्द असतात हे तिला अर्थातच माहीत होतं, जसं चंद्रावर डोंगर आहेत हे माहीत असतं.

आता त्या उबेतून शब्द आले. ज्या आवाजावर सबंध स्थानकातली माणसं पिशव्या उचलून धावत सुटतात, तो आवाज इतका लहान झाला होता की तो फक्त एका माणसापुरता होता, आणि ते माणूस ती होती.

"बाईला अजून सांगितलेलं नाही. एक ड्रायव्हर आहे, दुपारच्या गाडीवर. परवा त्याची गाडी सुटायची घोषणा मी मुद्दाम उशिरा केली."

तिनं डोळे मोठे केले. या वेळी ते आपोआप झाले.

"काय म्हणतेय ती?" दारातून बाईनं विचारलं, एक पाय चपलेत, एक बाहेर.

तिनं बाईकडे बघितलं. मग अगदी गंभीर चेहऱ्यानं, आणि जरा जास्तच मोठ्यानं, ती म्हणाली, "मला कुठं काय ऐकू येतं."